नदीच्या रंगावरून कार्बनचा हिशेब

वुजूच्या पाण्याबद्दल मदरशात सुरुवातीलाच शिकवतात ते तीन गुण म्हणजे रंग, वास आणि चव. घाण पडून यातला एखादा बदलला की पाणी चालत नाही. पण झाडाची पाने पडून पाण्याला थोडा रंग चढला असेल, तर फकीह सवलत देतात. पाण्याचे पाणीपण तेवढे टिकले पाहिजे. माझ्या वर्गातल्या मुलांना हा मसला तोंडपाठ असतो. पानांनी पाण्याला दिलेल्या याच रंगावर समुद्रविज्ञानाची एक अख्खी शाखा उभी आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. शाळेत नाही आणि मदरशातही नाही.

चहाची पत्ती पाण्यात टाकल्यावर जे होते, तेच जंगलात आणि शेतात पावसाळ्यात होते. कुजलेला पालापाचोळा, पराटीची मुळे, शेणखत यांतले काही पदार्थ पाण्यात विरघळतात. गढूळपणा वेगळा. गाळ फडक्याने किंवा तुरटीने बराचसा काढता येतो. शास्त्रज्ञ त्याहून फार बारीक गाळणीतून पाणी काढतात, तरी फिकट पिवळेपणा उरतोच. कुर्ट काल्ले या जर्मन शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात समुद्रातल्या या पदार्थाला साधे नाव दिले, ‘गेल्बश्टोफ’, म्हणजे पिवळा पदार्थ. विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनचा हा रंगीत भाग. (आमच्या उर्दू माध्यमाच्या पुस्तकात ‘सेंद्रिय’ला ‘नामियाती’ म्हणतात. दोन्ही शब्द येणारा विद्यार्थी माझ्या मते श्रीमंत.)

हा कार्बन क्षुल्लक नाही. जगातल्या नद्या दरवर्षी सुमारे 25 कोटी टन विरघळलेला सेंद्रिय कार्बन समुद्रात नेतात. समुद्रात साठलेला असा कार्बन सुमारे 66,000 कोटी टन आहे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये जेवढा कार्बन आहे, त्याच्याशी तुलना व्हावी इतका. नदीने आणलेला माल जिवाणूंनी खाल्ला की त्यातला बराच भाग वायू होऊन हवेत परततो. म्हणून तो किती आला, कुठवर गेला, हे मोजावे लागते.

मोजणे खर्चिक आहे. नमुना सुमारे 700 अंश तापमानाला उत्प्रेरकावर जाळायचा आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा. प्रत्येक बाटलीमागे वेळ आणि पैसा. प्रकाशाचे काम त्यामानाने स्वस्त. पिवळा पदार्थ अतिनील आणि निळा प्रकाश भरपूर गिळतो, तांबडा जवळपास सोडून देतो. तरंगलांबी वाढेल तसे हे गिळणे झपाट्याने कमी होते. किती झपाट्याने, यातच खरी खबर असते. जमिनीवरच्या झाडांचे, लाकडातल्या लिग्निनचे मोठे रेणू असतील तर उतार सौम्य असतो. उन्हाने ते रेणू तुटले किंवा पाणी खुल्या समुद्राचे असले, तर उतार तीव्र होतो. सेड्रिक फिशो आणि रोनाल्ड बेनर यांनी 2011 मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या, मिसिसिपीच्या मुखाजवळच्या पाण्यावर दाखवले, की 275 ते 295 नॅनोमीटरमधला हा उतार आणि शोषण एकत्र घेतले तर कार्बनचा चांगला अंदाज बांधता येतो. नुसत्या रंगाच्या गडदपणावर विसंबले की फसगत होते. कारण ऊन रंग उडवते, पण कार्बन तेवढ्याच प्रमाणात नाहीसा होत नाही.

आता आपल्याकडे या. आमच्या अमरावती जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांना जाते. पूर्णेचे चांगदेवला तापीत आणि पुढे सुरतेजवळ अरबी समुद्रात, वर्धेचे प्राणहिता-गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. वाटेत हतनूर आणि उकाईची धरणे आहेत. तिथे पाणी थांबते, ऊन खाते, रंग उडतो, जिवाणू आपला वाटा घेतात. म्हणजे रिद्धपूरच्या बाभळीचे पान जसेच्या तसे खंभातच्या आखातात पोहोचले, अशी कविता कोणी करू नये. शिवाय ते आखात भरती-ओहोटीने इतके घुसळलेले आणि गाळाचे, की वरून रंग पाहून कार्बन सांगणे तिथे फारच अवघड.

मिसिसिपीचे सूत्र तापीला जसेच्या तसे लावू नये, हा माझा पहिला मुद्दा. प्रत्येक नदीची माती वेगळी, झाडे वेगळी, सांडपाणी वेगळे. गोव्यात मांडवी आणि जुवारीच्या खाड्यांवर दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, तसेच गोवा विद्यापीठाने अनेक वर्षे काम केले आहे. घरचे मोजमाप ते हेच. आणखी एक गंमत. खाडीत गोडे पाणी किती मिसळले, हे तज्ज्ञ खारटपणावरून ओळखतात. आमच्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात समुद्र शेकडो कोस दूर असून विहिरी खाऱ्या! समुद्रकाठचे ठोकताळे इकडे आणताना सांभाळून.

दुसरा मुद्दा उपग्रहांचा. 1999 चा ओशनसॅट-1, 2009 चा दुसरा, नोव्हेंबर 2022 चा तिसरा, यांचा मला अभिमान आहे. पण 275 ते 295 नॅनोमीटरचा प्रकाश ओझोनचा थर खाली येऊच देत नाही, म्हणून वरून तो उतार थेट दिसत नाही. दृश्य रंगांवरून आडवळणाने काढावा लागतो. त्याहून मोठी अडचण ढगांची. पश्चिम किनाऱ्याच्या नद्या वर्षाचे बहुतेक पाणी पावसाळ्यातच समुद्रात ओततात आणि नेमके तेव्हा आभाळ झाकलेले असते. 1 जून ते 31 जुलै मासेमारीच्या होड्याही किनाऱ्याला लागलेल्या. वर्षातला सर्वांत महत्त्वाचा हिशेब मांडायचा तेव्हाच डोळे बंद. ‘उपग्रह सगळे पाहतो’ म्हणणाऱ्यांना मी हे विचारतो. मुखाशी आणि पुलांवर, पाण्यातच बसवलेले प्रकाशमापक हवेत, आणि ते आषाढातही चालू हवेत.

आमच्याकडे समुद्र नाही, तर काय करायचे? नदीचे नमुने तर घेतलेच जातात. जैविक ऑक्सिजन मागणी मोजायला आपल्या पद्धतीने तीन दिवस लागतात. त्याच बाटलीतल्या गाळलेल्या पाण्याचे अतिनील शोषण काही मिनिटांत कळते. त्यासाठीचे वर्णपटमापक यंत्र अनेक विज्ञान महाविद्यालयांच्या रसायन प्रयोगशाळेत असते आणि वर्षातले बरेच दिवस झाकून ठेवलेले असते. पूर्णा आणि वर्धेचे पाणी दर पंधरा दिवसांनी त्यात घातले, काही बाटल्यांचा खरा कार्बन एखाद्या मोठ्या संस्थेकडून मोजून घेतला, तर चार-पाच वर्षांत या नद्यांचे स्वतःचे सूत्र तयार होईल. अंदाजच असेल तो. पण चूक किती होऊ शकते हे माहीत असलेला अंदाज, न मोजलेल्या नदीपेक्षा बरा.

इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी काहिऱ्यात ‘किताबुल मनाज़िर’ लिहून प्रकाश डोळ्यात येतो तेव्हा दिसते हे मांडले. आमच्या जलशांत हे नाव मोठ्या अभिमानाने घेतले जाते. घ्यावेच. पण ज्या शाळांच्या मंचावर ते घेतले जाते, त्यांतल्या किती शाळांत एक तरी लोलक आहे? दहावीनंतर आमच्या मुली विज्ञान सोडतात, त्यामागे जी कारणे सांगितली जातात त्यांत ‘इंग्रजी झेपत नाही’ हे एक नेहमीचे. रिद्धपूरला, जिथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्राचे गद्य रचले, तिथे 2024 पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू आहे. त्याने जुन्या पोथ्या सांभाळाव्यात, आणि सोबत नदीच्या रंगावर चाळीस पानांचे एक मराठी पुस्तकही काढावे. त्याचा उर्दू तर्जुमा करायला मी तयार आहे, मानधन नको.