एका जखमेसाठी दुसरी जखम

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कातडीविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. ‘जमाखर्च सोडून हा वैद्यकात कुठे शिरला?’ असे आमचे सरही विचारतील. पण माझी तक्रार नेमकी हीच आहे की, या विषयातला जमाखर्च वेळेवर कुणी मांडत नाही.

आम्ही मूळचे सीमाभागातले. माझी शाळा मराठी, बाजारहाट कन्नडमधून. वडील नोकरीनिमित्त बालाघाटला असतात, म्हणून सुटी तिकडे जाते. गेल्या उन्हाळ्यात तिथे शेजारच्या काकूंच्या पायावर भाताचे उकळते पातेले उलटले. आधी गोंदिया, मग नागपूर. डॉक्टरांनी मांडीवरची कातडी काढून पावलावर बसवली. तीन आठवड्यांनी मी भेटायला गेलो, तेव्हा काकू म्हणाल्या, “पाय ठीक आहे बाबू, ही मांडीच झोपू देत नाही.” एक जखम भरण्यासाठी दुसरी जखम करावी लागते, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते.

परत आल्यावर ग्रंथालयात शोध घेतला. शरीराला आपली ऊती पुन्हा उभारता यावी म्हणून तिला आधाराचा सांगाडा पुरवणारी एक विद्याशाखाच आहे. असा सांगाडा पुष्कळदा हायड्रोजेलचा असतो. हायड्रोजेल म्हणजे लांबलचक रेणूंचे जाळे, ज्याने आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवलेले असते. भिजवलेल्या सब्जाच्या बीभोवतीचा बुळबुळीत थर आठवा, जात तीच.

अडचण अशी की, पेशींना आत शिरायला आणि रक्तवाहिन्यांना फुटायला वाटा हव्यात. म्हणून जेलमध्ये एकमेकांना जोडलेली, केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहून बारीक छिद्रे हवीत. ती करण्याच्या युक्त्या साध्या आहेत. जेलमध्ये मिठाचे कण मिसळून ते नंतर धुऊन काढायचे. किंवा जेल गोठवायचे, म्हणजे बर्फाचे स्फटिक जागा करतात आणि ते गेले की पोकळी उरते. पण जितकी छिद्रे जास्त, तितका पदार्थ दुबळा. टाका घालताना फाटला, पाय टेकताच चुरगळला, तर उपयोग काय? २००३ साली जपानच्या होक्काइदो विद्यापीठात ज्यान पिंग गोंग यांच्या गटाने एकात एक गुंतलेली दोन जाळी केली, एक ताठ आणि एक लवचीक. ताण आला की ताठ जाळे जागोजागी तुटून ताण गिळते आणि लवचीक जाळे पदार्थ एकसंध ठेवते. नव्वद टक्के पाणी असूनही असे जेल सहजी फाटत नाही. मजबुती आणि छिद्रे यांचा मेळ घालण्याचा खटाटोप आज जगभर चालू आहे.

भाजलेल्यांसाठी तर सच्छिद्र सांगाडा कधीच तयार झाला आहे. १९८१ साली अमेरिकेत बर्क आणि यानस या जोडीने गाईच्या कातडीतले कोलॅजन व शार्कच्या कूर्चेतला एक घटक घेऊन कृत्रिम त्वचा केली. तिच्यावरही शेवटी रोग्याची कातडी लावावी लागते, पण अगदी पातळ. म्हणजे मांडीची जखम उथळ राहते. या त्वचेला तिकडच्या सरकारी खात्याची मंजुरी मिळाली १९९६ साली. पंधरा वर्षे! चाचण्यांना वेळ आणि पैसा लागतोच, आणि तो लागलाच पाहिजे; माणसाच्या अंगात घालायची वस्तू आहे. पण तो सारा खर्च शेवटी किमतीत उतरतो, आणि ती किंमत काकूंच्या घरापर्यंत पोचत नाही.

आता आपल्याकडे पाहू. बालाघाटची वारासिवनी हातमागाच्या साड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि शेजारच्या भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसर कोसा पिकतो. या टसरच्या रेशीम-प्रथिनाला पेशी चांगल्या चिकटतात, हे खरगपूरच्या आय.आय.टी.त प्रा. सुभाष कुंडू यांच्या गटाने दाखवले. टसर विरघळवणे तुतीच्या रेशमापेक्षा अवघड, हेही खरे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ यांनी रेशीम-प्रथिनाचे सच्छिद्र सांगाडे केले, आणि त्या कामातून सेरिजेन ही कंपनी निघाली. म्हणजे बुद्धी आपल्याकडे आहे, कच्चा मालही आहे.

मग उरते काय? उरतो तो आमचा विषय. माझे म्हणणे एवढेच की, किंमत हा प्रश्न पदार्थ तयार झाल्यावर नव्हे, तो घडत असतानाच विचारला पाहिजे. ओले जेल थंड ठेवावे लागत असेल, तर मे महिन्यात वीज गेलेल्या गावात त्याचे काय होईल? तेच सुकवून पाकिटात देता येत असेल, तर तालुक्याच्या दवाखान्यात कपाटात राहील. एका तुकड्याला खर्च किती, नासाडी किती, मध्यस्थ किती, हे छिद्राच्या मापाइतकेच महत्त्वाचे आहे. दुसरे असे की, जे संशोधन सरकारी पैशावर झाले, त्याचे हक्क कंपनीला देताना सरकारी रुग्णालयाला कोणत्या दराने माल मिळेल, ही अट करारातच असावी. कंपनीला नफा नको असे मी म्हणत नाही. नफ्यावाचून कारखाना चालत नाही, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो. पण पहिली गुंतवणूक जनतेची, तर पहिला हक्कही तिचाच.

हे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेची हृदयाची झडप १९९० साली प्रथम रोग्याला बसवली गेली, आणि ती परदेशी झडपेपेक्षा पुष्कळ स्वस्त पडली. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून मोतीबिंदूची भिंगे इथेच करून त्यांची किंमत गरिबाच्या आवाक्यात आणली. दोन्हीकडे शास्त्रज्ञाच्या शेजारी हिशेब जाणणारा माणूस बसला होता.

म्हणून माझ्या वाणिज्य शाखेच्या मित्रांना माझी विनंती आहे. बँकेची परीक्षा अवश्य द्या, पण विज्ञान शाखेच्या इमारतीकडेही कधी फिरका. त्यांना विचारा, ‘हे केवढ्याला पडेल?’ आणि विज्ञानाच्या मित्रांनो, या प्रश्नाचा राग मानू नका. काकूंच्या मांडीवरचा चट्टा अजून गेलेला नाही. तो प्रश्न त्यांचा आहे.