आमचं रक्त चालत नाही का?

भीमजयंतीच्या रक्तदान शिबिरात आम्ही नावे लिहायला बसतो. सिन्नरच्या विडी वळणाऱ्या आयाबहिणी हौसेने रांगेत येतात आणि बोटाला सुई टोचल्यावर कितीतरी जणी परत फिरतात. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली, नाहीतर वजन ४५ किलोच्या आत. "आमचं रक्त चालत नाही का?" असे एका मावशींनी विचारले, तेव्हा आमचे पेन थांबले. आपल्या वस्तीत हा प्रश्न साधा नसतो. पण मावशी, हा नियम तुम्हाला जपतो. मुळात कमी असलेले रक्त काढले तर चक्कर तुम्हालाच येईल.

दुसरा नियम मात्र आम्हाला पटत नाही. केंद्राच्या २०१७ च्या सूचनांनी तृतीयपंथी, समलिंगी पुरुष आणि वेश्याव्यवसायातील स्त्रिया यांना सरसकट वगळले. कारण एच.आय.व्ही.चे, लागण ताजी असेल तर ती तपासणीत सापडत नाही. ही भीती खोटी नाही. थॅलेसेमियाच्या लेकराला सतत रक्त चढवावे लागते, त्याचा जीव आधी. पण धोका वागण्यात असतो, जमातीत नव्हे. ब्रिटनने २०२१ पासून प्रत्येक दात्याला त्याच्या अलीकडच्या वागण्याबद्दल सारखेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्याच वर्षी मणिपूरच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या थांगजम सांता सिंग यांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयात याचिका केली.

मावशींचे नाव आम्ही वहीत ठेवले आहे. पुढच्या शिबिरात लोहाच्या गोळ्या घेऊन आरोग्य केंद्राच्या सिस्टरलाही बसवायचे ठरले आहे.