रुपयातील हीण

‘बंदा रुपया’ हा शब्द मराठीत विश्वासाचा वाचक आहे. वजन एक तोळा आणि बारा भागांत अकरा भाग चांदी, असा राणीछाप रुपया कष्टकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाठीशी जपला. दुसऱ्या महायुद्धात या विश्वासाला तडा गेला.

जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला आणि हिंदुस्थानात नोटा देऊन चांदीचे रुपये घेण्यासाठी झुंबड उडाली. गरजेपेक्षा अधिक नाणी जमविणे सरकारने गुन्हा ठरविले, एक रुपयाची नोट काढली आणि त्याच वर्षी रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल व जस्त होते. वजन तेच, दर्शनी किंमत तीच. कस मात्र गेला. १९४३ पर्यंत जुने कसदार रुपये चलनातून रद्द झाले आणि १९४७ मध्ये रुपया निव्वळ निकेलचा झाला. युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी आणलेली चांदी औंसाला औंस परत करण्याचा भार स्वतंत्र भारतावर पडला.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. १८९३ मध्ये खाजगी चांदीला टांकसाळी बंद झाल्यापासून रुपयाचे मोल त्यातील चांदीवर ठरत नव्हते. तेव्हा भाव भडकले याचा सारा दोष हिणावर टाकता येत नाही. ब्रिटनच्या युद्धासाठी येथून माल उचलला गेला, त्याबदल्यात लंडनमध्ये स्टर्लिंगचे येणे मांडले गेले आणि त्या येण्याच्या आधारावर येथे नोटा छापल्या गेल्या. माल देशाबाहेर गेला, नोटा मात्र बाजारात साचल्या. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ज्यांच्या मजुरीला तांदळाचा भाव गाठता आला नाही, असे शेतमजूर व मच्छीमार मोठ्या संख्येने मेले. साठेबाज व्यापाऱ्याच्या मालाची किंमत त्याच काळात चढत होती.

चलनाचा कस उतरविणे हा लोकांची संमती न घेता बसविलेला कर असतो. रोजंदारीवर जगणाऱ्याला तो सर्वांत जड जातो. आजचा रुपया पोलादाचा आहे. त्याचा कस बाजारातील भावावरच पाहावा लागतो. संघटित नोकरदाराला महागाई भत्त्याचे कवच आहे. शेतमजूर, घरकामगार व बांधकाम मजूर यांची मजुरी मात्र भाव वाढले तरी महिनोन्‌महिने हलत नाही. किमान वेतनाचे दर निर्देशांकानुसार वेळच्या वेळी वाढले पाहिजेत आणि ते मजुराच्या पदरात पडतात की नाही, यावर कार्यकर्त्यांनी गावोगाव पहारा ठेवला पाहिजे. एरवी चलनातील प्रत्येक घसरणीची भरपाई मजुराच्याच ताटातून होत राहील.