घरात अलार्म बसवला, पण त्याची दुसरी किल्ली कोणाकडे आहे?

गणपतीला कोकणात, दिवाळीला गावी, मे महिन्यात मुलांसोबत फिरायला. वर्षातून दोन-तीन वेळा तरी शहरातल्या अनेक घरांना आठ-दहा दिवस कुलूप लागतं. अशा वेळी 'घर बंद ठेवताना काळजी घ्या' असं आवाहन पोलीस दरवर्षी करतात. आता त्यावर उपाय म्हणून अनेकांनी घरात कॅमेरे, दाराचे सेन्सर आणि सायरन बसवून घेतले आहेत. काही हजार रुपयांत ही यंत्रणा येते, मोबाईलवर दिसते आणि मनाला निवांतपणा देते.

पण गेल्या काही वर्षांतल्या घटना पाहिल्या, तर एक वेगळाच प्रश्न समोर येतो. चोर दारातून येईल म्हणून बसवलेल्या यंत्रणेतूनच कुणी घरात डोकावत असेल तर?

राजकोटमध्ये काय घडलं होतं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातमधल्या राजकोट इथल्या एका प्रसूती रुग्णालयातले सीसीटीव्ही व्हिडिओ बाहेर आले. तपासणीसाठी आलेल्या महिलांचं हे चित्रीकरण यूट्यूब आणि टेलिग्रामवरून पसरवलं जात होतं आणि पैसे घेऊन विकलं जात होतं. अटक झालेल्यांमध्ये महाराष्ट्रातल्या लातूर आणि सांगलीकडच्या तरुणांचाही समावेश असल्याचं तेव्हाच्या बातम्यांमध्ये होतं.

पुढच्या तपासाच्या बातम्यांमधून समोर आलेली गोष्ट जास्त धक्कादायक होती. त्या यंत्रणेत शिरण्यासाठी फार मोठं तांत्रिक डोकं लावावं लागलं नव्हतं. तिथे 'ॲडमिन१२३' असा, कंपनीकडून आलेल्या यंत्रात असतो तसा पासवर्ड होता.

हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे कंपन्यांच्या ठरलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या. त्या एकेक करून वापरायच्या, इतकीच युक्ती. याच यंत्रांच्या फौजेने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये 'डिन' या इंटरनेट कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास विस्कळीत झाल्या. ज्यांच्या घरातले कॅमेरे त्यात वापरले गेले, त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसणार.

बसवणारा माणूस आणि त्याच्याकडचा पासवर्ड

हॅकर म्हटलं की दूर कुठेतरी बसलेला अनोळखी माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात यंत्रणेची किल्ली बहुतेक वेळा ओळखीच्याच माणसाकडे असते.

अमेरिकेतली 'एडीटी' ही घरगुती अलार्म यंत्रणा पुरवणारी मोठी कंपनी. तिच्या एका तंत्रज्ञाने जानेवारी २०२१ मध्ये टेक्सासमधल्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. साडेचार वर्षांत त्याने २०० हून अधिक ग्राहकांच्या खात्यांत ९,६०० पेक्षा जास्त वेळा प्रवेश करून घरातलं चित्रीकरण पाहिलं होतं. त्याची पद्धत साधी होती. यंत्रणा बसवताना तो ग्राहकाच्या खात्यात स्वतःचाही ईमेल जोडून ठेवायचा. कधी ग्राहकाला न सांगता, तर कधी 'टेस्टिंगसाठी लागतो' असं सांगून.

ॲमेझॉनच्या 'रिंग' कंपनीबाबतही असंच घडलं. कर्मचारी आणि कंत्राटदारांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ पाहता येत होते आणि हॅकिंग रोखण्यासाठी पुरेशी काळजी घेतली गेली नव्हती, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये केला. प्रकरण मिटवताना कंपनीने ५८ लाख डॉलर देण्याचं मान्य केलं.

आता आपल्याकडचं चित्र पाहा. चौकातल्या दुकानातून कॅमेरे आणि अलार्म घेतला जातो. बसवायला आलेला मुलगा स्वतःच्या मोबाईलवर ॲप सुरू करतो, क्यूआर कोड स्कॅन करतो, कधी स्वतःच्याच नंबरवरून खातं काढतो आणि मग घरच्यांच्या मोबाईलवर 'शेअर' करून देतो. पासवर्ड लक्षात राहावा म्हणून तोच मोबाईल नंबर किंवा १ ते ६ आकडे. यात त्या मुलाचा हेतू वाईट असतोच असं नाही. पण कागदोपत्री घर तुमचं आणि यंत्रणेचा मालक तो, अशी स्थिती होते. उद्या त्याने नोकरी सोडली, मोबाईल विकला किंवा त्याचंच खातं हॅक झालं, तर तुमच्या घराचं दार तिथूनही उघडतं.

सरकारने काय बदललं?

केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेचे नवे निकष अधिसूचित केले. मुदतवाढीनंतर ९ एप्रिल २०२५ पासून ते लागू झाले. त्यानुसार कॅमेऱ्यांची सायबर सुरक्षेच्या दृष्टीने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी होणं बंधनकारक झालं. यंत्रात कोण शिरू शकतं, माहिती एन्क्रिप्ट होऊन जाते का, बाहेरून घुसखोरी करता येते का, अशा गोष्टी त्यात तपासल्या जातात.

याचा ग्राहकाला फायदा इतकाच की नवीन कॅमेरा घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहता येतं. 'आर' अक्षराने सुरू होणारा हा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून खरा आहे का ते तपासता येतं.

पण नियमाची मर्यादाही समजून घ्यायला हवी. तीन वर्षांपूर्वी भिंतीवर लावलेला कॅमेरा या नियमाने आपोआप सुरक्षित होत नाही. आणि कितीही चांगला कॅमेरा घेतला, तरी पासवर्ड 'ॲडमिन१२३' ठेवला तर चाचणीचा उपयोग शून्य.

अलार्म वाजला, पण येणार कोण?

घरगुती अलार्मचं काम तीन टप्प्यांत चालतं. दार-खिडकीवरचा चुंबकी सेन्सर किंवा खोलीतला हालचाल टिपणारा सेन्सर धोका ओळखतो. मुख्य पॅनल सायरन वाजवतं. आणि वाय-फाय किंवा सिमकार्डवरून मोबाईलवर सूचना येते. या तिन्ही ठिकाणी गडबड होऊ शकते.

वीज गेली की राउटर बंद पडतो आणि फक्त वाय-फायवर चालणारी यंत्रणा मुकी होते. म्हणून पॅनलला स्वतःची बॅटरी आणि शक्यतो सिमकार्डची सोय असावी. सिमचं रिचार्ज संपलेलं असणं हे यंत्रणा बंद पडण्याचं अगदी साधं कारण आहे आणि गावी जाताना ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पॅनलमधली बॅटरीही काही वर्षांनी बदलावी लागते.

दुसरा प्रश्न खोट्या अलार्मचा. हालचाल टिपणारा सेन्सर उष्णतेतला बदल ओळखतो. त्यामुळे काचेवरून फिरणारी पाल, मांजर, थेट येणारं ऊन यांनीही तो फसतो. रात्री दोनदा सायरन उगाच वाजला की तिसऱ्या वेळी शेजारी कूस बदलून झोपतात. अमेरिकेत तर पोलिसांकडे येणाऱ्या अलार्मपैकी ९० टक्क्यांहून अधिक खोटे निघत असल्याने सॉल्ट लेक सिटीने २००० मध्येच नियम बदलला. घटनेची खातरजमा झाल्याशिवाय पोलीस जाणार नाहीत, असं ठरलं.

आपल्याकडे बाजारात मिळणारे बहुतेक घरगुती अलार्म पोलीस ठाण्याला जोडलेलेच नसतात. म्हणजे सायरन वाजल्यावर येणार तो वॉचमन किंवा शेजारी. त्यांना आधी सांगून ठेवलेलं नसेल, तर तो आवाज वाया जातो. निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि सायरन १०० डेसिबलच्याही वर जातो. त्यामुळे काही मिनिटांनी तो आपोआप बंद होईल असं सेटिंग ठेवणं शेजारधर्मासाठीही गरजेचं आहे.

घरातल्या माणसांचं काय?

कॅमेरा घराबाहेर पाहतो तेव्हा प्रश्न कमी असतात. तो घरात पाहायला लागला की वाढतात.

कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचा वाद न्यायालयात गेला होता. घराच्या राहत्या भागात एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय कॅमेरे लावले होते. हा खासगीपणाच्या हक्काचा भंग असल्याचं कलकत्ता उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हटलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच स्पष्ट केलेलं आहे.

पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहणारी अनेक मुलं गावाकडे एकट्या असलेल्या आई-वडिलांसाठी घरात कॅमेरा लावतात. काळजीपोटीच लावतात. पण आईला तो कुठे आहे, कोण पाहतं आणि कधी बंद करता येतो हे माहीत असायला हवं. घरकामाला येणाऱ्या मावशी, भाडेकरू, पेइंग गेस्ट यांनाही हेच लागू होतं. बेडरूम, बाथरूम, कपडे बदलण्याची जागा इथे कॅमेरा नकोच. महिलेचं खासगी क्षणांतलं चित्रण तिच्या नकळत केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार पहिल्या गुन्ह्यालाही एक ते तीन वर्षांची कैद होऊ शकते.

'हा चोर आहे, फॉरवर्ड करा'

कॅमेऱ्यात एखादा अनोळखी माणूस दारापाशी घुटमळताना दिसतो. दहा मिनिटांत ती क्लिप सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि तासाभरात शहरभर. तो कुरिअरवाला होता, पत्ता शोधणारा होता की खरंच चोर, हे कुणी विचारत नाही.

महाराष्ट्राने याचे परिणाम पाहिले आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून भटक्या समाजातल्या पाच जणांची जमावाने हत्या केली. एप्रिल २०२० मध्ये पालघरमधल्या गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवांच्या वातावरणात तिघांचा जीव गेला. संशयित फुटेज पोलिसांना द्यायचं असतं. ते फॉरवर्ड करून आपण पोलीस, वकील आणि न्यायाधीश असं सगळंच एका क्लिकवर होऊन बसतो.

मग आज काय करता येईल?

हे सगळं वाचून कॅमेरे काढून टाकायची गरज नाही. अर्धा तास काढून पुढच्या गोष्टी तपासल्या तरी बराचसा धोका कमी होतो.

• ॲपमधलं मुख्य खातं कोणाच्या नंबरवर आणि ईमेलवर आहे ते पाहा. दुसऱ्याच्या असेल तर यंत्र रीसेट करून स्वतःच्या नावे सुरू करा.

• 'शेअर्ड युजर्स'ची यादी उघडा. अनोळखी किंवा जुनं नाव काढून टाका.

• यंत्राचा, ॲपचा आणि वाय-फायचा पासवर्ड वेगवेगळा ठेवा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा आणि अपडेट आले की टाळू नका.

• भाड्याचं किंवा जुनं घर घेतलं असेल तर आधीच्या मालकाचं खातं हटवा. यंत्र विकताना मेमरी कार्ड आणि हार्ड डिस्क पुसून द्या.

• महिन्यातून एकदा मुख्य स्विच बंद करून यंत्रणा बॅटरीवर चालते का ते पाहा.

• डिजिटल कुलूप असेल तर वीज नसताना ते आतून उघडतं याची खात्री करा. आग लागली तर चोरासाठी बंद केलेलं दार घरच्यांनाही अडवतं.

• गावी जाताना एका विश्वासू शेजाऱ्याला आणि वॉचमनला कल्पना द्या. फिरायला गेल्याचे फोटो परत आल्यावर टाका.

• अलार्म वाजला तर शेजाऱ्याला एकट्याने घरात शिरायला सांगू नका. ११२ वर फोन करा. घरी आल्यावर कुलूप तुटलेलं दिसलं तर आत जाऊ नका, कशाला हात लावू नका.

घरातलं चित्रण बाहेर गेल्याचा संशय असेल, तर आधी इंटरनेट तोडा, स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा. आर्थिक फसवणूकही झाली असेल तर १९३० ही हेल्पलाईन आहे. लाजेपोटी गप्प राहिल्याने फायदा फक्त व्हिडिओ विकणाऱ्याचा होतो.

दाराचं कुलूप बदललं की जुन्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, हे आपण आठवणीने विचारतो. अलार्म आणि कॅमेऱ्याच्या बाबतीत तो प्रश्न बहुतेक घरांनी अजून विचारलेला नाही. राजकोटच्या प्रकरणात तो विचारायला उशीर झाला आणि त्याची किंमत, ज्यांचा पासवर्डशी काहीही संबंध नव्हता, त्या महिलांना मोजावी लागली.