विजेवरचा ब्रश

माझा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. गेल्या दिवाळीत त्याने आमच्या चिंचवडच्या घरी दात घासण्याचा विजेवरचा ब्रश आणला. राखुंडीवर वाढलेल्या मला ती निव्वळ चैन वाटली. जुन्या सवयीने मी तो दाबून घासला, तो हिरडीतून रक्त आले! वस्तुतः तो दातांवर नुसता टेकवावयाचा असतो.

मुलांनो, तुमचे हात धडधाकट आहेत. साध्या ब्रशाने, हलक्या हाताने, दोन मिनिटे दात घासल्यास तुम्हांला या यंत्राची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये असा ब्रश निघाला, तो मुख्यतः हात नीट न चालणाऱ्या रुग्णांसाठी. हे वाचले आणि संधिवाताने आखडलेल्या पत्नीच्या बोटांकडे माझे लक्ष गेले. आता तो ब्रश तिच्याकडे आहे. सकाळी तिला कोणाची मदत लागत नाही.