हाताची उघाडी

पेणच्या एका मूर्तिकारखान्यात रंगकाम करणाऱ्या ताईंना पहिली चाहूल बांगडीने दिली. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं होतं, रिपोर्ट चांगले होते. पण डाव्या हातातली बांगडी साबण लावूनही निघेना. ब्लाऊजची बाही उसवून सैल केली, तर महिन्याभरात तीही काचू लागली. घरून दोन सल्ले मिळाले: त्या हाताने काम करू नकोस आणि तेल लावून जोरात चोळ. दोन्ही चुकीचे.

असं का होतं, हे खाडीकाठच्या खारेपाटातल्या माणसाला सांगायला अवघड नाही. शेतातलं पाणी खाडीत सोडणारं दार म्हणजे उघाडी. काखेतल्या लसीकाग्रंथी ही हाताच्या पाण्याची उघाडी. ऑपरेशनात त्या गाठी काढाव्या लागतात, रेडिएशनने उरलीसुरली वाट आकसते आणि पाणी हातातच तुंबतं. कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. काखेतल्या बहुतेक गाठी काढलेल्या पाच जणींतल्या साधारण एकीला ही सूज येते.

शेतात पाणी तुंबलं की आपण आधी खाडीकडची उघाडी मोकळी करतो. जाणकार फिजिओथेरपिस्टही तेच करते. सुजलेल्या हाताला ती आधी हातच लावत नाही. सुरुवात मानेपासून, मग चांगल्या बाजूच्या काखेपासून, कातडी जेमतेम सरकेल इतक्याच दाबाने. बघणाऱ्याला वाटतं, ही नुसती कुरवाळतेय! मग बोटांपासून दंडापर्यंत कमी ताणाच्या पट्ट्यांचे थर, बोटांकडे घट्ट, वर सैल. पट्टी असतानाच मुठीची उघडझाप, कोपर, खांदा. स्नायू आतून ढकलतात, पट्टी बाहेरून अडवते, पाणी वर सरकतं. सूज उतरली की मापाची दाबाची बाही. मे महिन्यात कोकणात ती दिवसभर घालणं म्हणजे काय, ते घालणारीलाच ठाऊक.

आणि हात जपून ठेवायचा म्हणजे बांधून ठेवायचा नव्हे. अमेरिकेत अशी सूज असलेल्या 141 बायकांवर झालेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली, हळूहळू जास्त वजन उचलत व्यायाम करणाऱ्यांची सूज वाढली नाही, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. भातलावणीला जाणाऱ्या बाईला ‘आराम कर’ सांगणं सोपं. तिची लावणी कोण करणार?

खरी अडचण अंतराची. ऑपरेशन मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलात होतं, तपासणीला त्यांचं खारघरचं केंद्र गाठता येतं. पण पट्टी सुरुवातीचे दोन-चार आठवडे जवळजवळ रोज बांधावी लागते. त्यासाठी रोह्याहून रोज मुंबईची गाडी कोण धरील? पेण आणि रोहा, दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथल्या एकेका फिजिओथेरपिस्टला या उपचाराचं रीतसर प्रशिक्षण द्या, आणि त्यांनी पेशंटच्या मुलीला, नवऱ्याला पट्टी बांधायला शिकवावं. याला मोठं यंत्र लागत नाही, इमारतही लागत नाही.

तोवर, ऑपरेशन झालेल्या बायांनो, शिंप्याची टेप घ्या. महिन्यातून एकदा दोन्ही हात ठरलेल्या जागी मोजा: मनगट, कोपराच्या खाली, दंड. दोन सेंटिमीटरचा फरक दिसला की डॉक्टरांना दाखवा. कोयता, काटे, रंगाचं काम असेल तर हातमोजा घाला. हात लाल झाला, तापला, अंगात ताप भरला, तर चोळणं-बांधणं थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.