बेरजेबाहेर राहिलेल्या ओळी

ओळखीच्या एका बचत गटाचा एक्सेलमधला हिशेब मी अधूनमधून पाहतो. परवा पेटीतली रोकड हिशेबापेक्षा सहाशे रुपयांनी जास्त भरली. रोकड कमी भरो वा जास्त, संशय खजिनदारावरच येतो. खजिनदार ताईंनी दोन दिवस पावत्या पुन्हा पुन्हा लावून पाहिल्या. नोंदी बरोबर होत्या. चूक होती दुसऱ्या शीटवरच्या बेरजेत. तिथली रेंज बी२ ते बी४१, आणि नव्या तीन सदस्यांचे दोनशे-दोनशे रुपये बी४२ पासून खाली. मधे ओळ घातली असती तर रेंज आपोआप वाढली असती. शेवटच्या ओळीखाली लिहिलेलं मात्र बेरजेत आलं नाही, आणि एररही दिसली नाही.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांच्या सरकारी कर्जावरच्या २०१० च्या गाजलेल्या निबंधात सरासरी ओळ ३० ते ओळ ४९ ची हवी होती. सूत्र ४४ वरच थांबलं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क हे पाच देश गळले. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ शीट मागवून ती चूक पकडली. निबंधात इतर दोषही निघाले, पण ही चूक कुणालाही टाळता आली असती.

वाढती रेंज हवी म्हटलं की एक्सेलच्या क्लासमध्ये ऑफसेट हे फंक्शन शिकवतात. मला ते पटत नाही. शीटमध्ये कुठेही काही बदललं की ऑफसेट पुन्हा गणित करतो. मोठी फाइल त्याने रखडते. त्यापेक्षा इंडेक्स हे फंक्शन बरं. तो नुसता आकडा देत नाही, सेलचा पत्ताही देतो, म्हणून कोलननंतर बसतो: =सम(बी२:इंडेक्स(बी:बी,काउंटए(बी:बी))). पहिल्या ओळीत शीर्षक असेल तर भरलेल्या सेलची संख्या हाच शेवटच्या ओळीचा क्रमांक. मात्र मधे एक सेल रिकामा राहिला की मोजणी एकाने कमी भरते आणि शेवटची नोंद पुन्हा बाहेर.

म्हणून बचत गटाला मी टेबलच करून दिलं. कंट्रोल-टी दाबलं, टेबलाचं नाव ठेवलं ‘जमा’, आणि सूत्र झालं =सम(जमा[रक्कम]). ही सोय एक्सेल २००७ पासून आहे. ताईंनी पंचेचाळिसाव्या ओळीत पुढची पावती चढवली. दुसऱ्या शीटवरची बेरीज दोनशेने वाढली. त्यांनी ती नोंद खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा बेरीज पाहिली.